चंदरचा द्रोण

हे मी एका जागी बसून लिहीत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, चुलीतलं लाकूड पुढे सारते, पुन्हा येते. सकाळपासून अंगण तीनदा झाडून झालं. कोंबड्यासुद्धा माझ्यावर वैतागल्या आहेत. दारू सुटून दहा महिने झाले, पण अंगातली वळवळ काही सुटत नाही. अलिबागच्या डॉक्टरबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हाताला काम द्या, बेबीताई. तुम्हाला लिहिता येतं ना? मग लिहा. तुमच्यासारखं कुणी इथे आलं, तर मी त्यांना वाचून दाखवीन."

आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकले. वाडीत त्या वेळी तेवढी शिकलेली मीच. त्या नववीने माझं भलं केलं की वाटोळं, हे शेवटपर्यंत वाचलंत की तुम्हीच ठरवा.

मी बेबी. कातकरी. आमची वाडी रेवदंड्याच्या खाडीला लागून, माडाच्या बागांच्या मागे. घरात नवरा काळुराम आणि सासू, जिला मी आत्या म्हणते. मुलगी आश्रमशाळेत राहते. धाकटा दीर चंदर होता. हे सगळं त्याच्यापासून सुरू होतं, पण त्याच्यापाशी जायला मला जरा वेळ लागेल.

चिखल

कातकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटली येते, हे मला ठाऊक आहे. बाजारात मासळी घेऊन बसले की गिऱ्हाईक आधी माझं तोंड हुंगायचं आणि मग चिंबोऱ्यांचा भाव विचारायचं. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला बंगले आहेत. शनिवारी मुंबईच्या गाड्या येतात, सोमवारी आम्ही त्यांच्या रिकाम्या बाटल्या पोत्यात भरतो. पण व्यसनमुक्तीचं पथनाट्य घेऊन माणसं येतात ती आमच्याच वाडीत. बंगल्याच्या फाटकापुढे ढोलकी वाजलेली मी अजून ऐकली नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

हे सांगितल्याने माझा दोष कमी होत नाही. पण राग आहे तो आहे.

माझं काम चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायचं. ओहोटी लागली की कमरेएवढ्या चिखलात उतरायचं, बीळ शोधायचं, लोखंडी आकडा आत घालून चिंबोरी बाहेर ओढायची आणि मागच्या बाजूने धरायची, म्हणजे नांगीत बोट सापडत नाही. चार तास चिखलात उभं राहिलं की हाडांत गारठा शिरतो. वर आलं की अर्धा पेला घ्यायचा, अंग गरम करायला. आमच्यात बायका पितात, त्यात लपवाछपवी नाही. माझ्या बाळंतपणात आत्यानेच मला कपात ओतून दिली होती, ऊब राहावी म्हणून.

पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. चिखलातून वर आल्यावर घ्यायची ती मी चिखलात जायच्या आधी घ्यायला लागले. मग सकाळी तोंड धुतल्यावर. मग तोंड धुवायच्या आधी, कारण तांब्या धरता येत नसे.

अध्यक्षीणबाई

वाडीत बचत गट निघाला. सही करता येणारी आणि वाचता येणारी म्हणून मला अध्यक्ष केलं. तालुक्याहून ताई आल्या, त्यांनी दारूबंदीचं सांगितलं. बायकांना पटलं, कारण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी पडलेलं होतंच. एक दिवस आम्ही सगळ्या निघालो, भट्टीची दोन मडकी फोडली, पिशवीतली दारू मोटारसायकलवर घेऊन येणाऱ्याला वाडीच्या तोंडाशीच अडवलं. 'दारूमुक्त वाडी' असा फलक लागला. मी त्याच्या मधोमध उभी राहून फोटो काढून घेतला.

त्या वेळी माझ्या घरामागच्या लाकडांच्या ढिगात अर्धी बाटली होती. फोटोच्या आधी मी त्यातले दोन घोट घेऊन आले होते, हात स्थिर राहावेत म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं म्हणतात. मी तर धड कोरडीसुद्धा नव्हते.

चंदर माडावर चढायचा. बागायतदारांचे नारळ उतरवायचा. चाळीस हात उंच झाडावर हसत जायचा. पण सकाळी त्याचे हात असे थरथरायचे की बिडी पेटत नसे. पोटात थोडी गेली की हात थांबायचे, मग तो झाडाला हात घालायचा. आम्ही त्याला हसायचो, "चंदरची चावी फिरवा रे कुणीतरी." तो आजार आहे हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मला तर स्वतःला तोच होता.

मडकी फुटली त्या दिवसापासून चंदरला थेंब मिळाला नाही. पहिल्या दिवशी त्याला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी जेवेना, कुणीच नसताना दाराकडे बघून बोलायला लागला. आत्याला वाटलं, बाहेरचं काही लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामाला गेले होते, तेव्हा तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"वैनी, एक घोट दे. एकच. हात बघ माझं."

ते मी बघितले. आणि म्हणाले, "मी अध्यक्ष हाय. माझ्याकडं कुठनं असंल?"

 मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो ते गटागटा प्यायला, निम्मं छातीवर सांडत. मग अंगणापलीकडच्या चिंचेच्या झाडापर्यंत चालत गेला आणि तिथे पडला. अंग ताठ झालं, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. माझा आरडाओरडा ऐकून माणसं धावत आली, आम्ही कांदा हुंगवला. भगताला बोलावलं. त्याने तांदूळ फेकले. टेम्पो मिळेपर्यंत दुसरा झटका आला आणि तिसऱ्यात तो गेला.

वाडीने निकाल लावला: दारू तोडली म्हणून माणूस गेला. चार दिवसांत मोटारसायकल परत आली. फलक कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला, पावसाचं पाणी गळू नये म्हणून. अजून तिथेच आहे.

आमच्या वाडीची रीत अशी आहे. मेलेल्या माणसाचा दिवस घालतात तेव्हा पळसाच्या पानाच्या द्रोणात दारू भरतात. ज्याच्या हातचं शेवटचं पाणी तो माणूस प्यायला, त्याने पहिला द्रोण घ्यायचा. थोडी धार मातीवर सोडायची, बाकीची प्यायची. तोवर कुणी जेवत नाही. चंदर माझ्या हातचं पाणी पिऊन गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. "बेबी व्हती म्हणून पोराला पाणी तरी मिळालं," असं बाया म्हणायच्या. बाराव्या दिवशी पहिला द्रोण मी घेतला. एका दमात.

तो माझ्याकडे काय मागत होता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

हातांवर बसले

त्यानंतर मी लपवायचं सोडून दिलं. दोन महिन्यांत पाय सुजले, पोट फुगलं. बाया चेष्टेने विचारायच्या, कितवा लागला? मी शिव्या द्यायचे. जेवण नको वाटायचं, चिंबोऱ्यांच्या वासाने मळमळायचं.

आमच्या भागाची आशाताई, मनीषाताई, कोळीवाड्यातली आहे. ती लसीच्या याद्या घेऊन आली होती. माझ्याकडे बघितलं आणि तिने यादी मिटली.

"काय गो बेबी, डोलं बघितलंस का आरशान?"

"आरसा फुटलाय."

"हलदीसारखं पिवलं झालंय गो. चल, उठ. आत्ताच्या आत्ता."

"भरती-ओहोटी बघून जाऊ," मी म्हणाले. तिने माझी पिशवी स्वतःच भरली. एसटीत माझ्या शेजारी बसली, आणि वास येत होता तरी तिने खिडकीकडे तोंड फिरवलं नाही. एवढं मी विसरणार नाही.

अलिबागच्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढला, रक्त घेतलं. दुपारी डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाच्या नसल्या तरी माझ्याहून पुष्कळ लहान. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "रोज किती घेता?"

"सणासुदीला."

"सकाळी हात थरथरतात?"

मी हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. बाईंनी ते पाहिलं, पण हसल्या नाहीत. मागच्या एसटीने आलेला काळुराम दाराशी उभा होता, तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सकाळपासनं लागते मॅडम तिला. मला बी लागते, पन तिला जास्ती."

लग्नाला सोळा वर्षं झाली. त्याने माझ्याबद्दल खरं बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल. मला इतका संताप आला की टेबलावरचा पेपरवेट उचलून मारावासा वाटला.

बाई सावकाश बोलत होत्या. लिव्हर खराब झालं आहे, पोटात पाणी झालं आहे. पूर्ण सोडलीत तर जगाल, बरंचसं भरून येईल. नाही सोडलीत तर फार दिवस नाहीत. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: सोडली तर मी तिसऱ्या दिवशी मरेन. चंदरसारखी.

"सोडली की माणूस मरतं," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"बघितलंय."

भिंतीवरच्या चिंबोऱ्या

वॉर्डात सकाळी सहाला झाडू, सातला चहा, मग सुई, मग गोळ्या, मग पोटाला टेप लावून मापायचं. मला बसवत नव्हतं आणि झोपवतही नव्हतं. खाटेवरून उतरायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. सिस्टर ओरडायच्या. शेजारच्या खाटेवर चौलची एक म्हातारी होती, तिला दम लागायचा. ती म्हणाली, "बाय, तू हिंडतेस त्याने माझा दम वाढतो. जरा बस." मी बसले. दोन मिनिटांनी उठले. मग तीच म्हणाली, "बरं, हिंड. पण येताना माझी ताटली धुऊन आण." त्या दिवसापासून ती मला काहीतरी काम काढून द्यायची. तिने तीच ताटली माझ्याकडून चार-चार वेळा धुऊन घेतली, आणि ती स्वच्छ होती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवरून चिंबोऱ्या उतरायला लागल्या. खऱ्या. हिरव्या पाठीच्या, मोठ्या. एक चादरीवर आली. मी तिला मागच्या बाजूने धरायला गेले, कामाची सवय. ती हातात येईना. मी सिस्टरला म्हणाले, "टोपली द्या, पळतायत सगळ्या." सिस्टरने माझ्या दंडात सुई दिली आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. "किती झाल्या?" ती मधून मधून विचारायची. मी सांगायचे, सात, अकरा. ती म्हणायची, "बरं." पुढे त्या कमी होत गेल्या.

ही बाई मला वेडी म्हणाली नाही. तिने माझ्याबरोबर चिंबोऱ्या मोजल्या. अशी माणसं असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

पेजेचा डबा

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. आत्या जन्मात कधी एकटी एसटीत बसलेली नव्हती. कंडक्टरला "सरकारी दवाखाना" एवढंच सांगून आली होती. हातात पेजेचा डबा. खाटेवर बसली, इकडे तिकडे बघितलं आणि डबा माझ्या नाकाखाली उघडला.

पेज नव्हती. म्हणजे वर पेज होती, पण वास माझ्या सगळ्या अंगात गेला.

"तिसरा दिस हाय आज," आत्या कुजबुजली.  "घे गो बाय. एक घोट घे. हितं कोन देनार न्हाय तुला. चंदर तिसऱ्या दिशीच गेला. तू बी जाशील."

लोक म्हणतील, काय ही सासू! दवाखान्यात दारू घेऊन आली. पण मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. एक पोर तिने दारू नसल्याने घालवलं होतं, असंच तिला वाटत होतं. दुसरं घालवायला ती तयार नव्हती. कुणी मला इतक्या जिवापाड काही दिलं असेल, तर ते आत्याने, त्या डब्यात.

खरं सांगते. मी घेतला. एक घोट. नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. घशाखाली गेला, सगळं अंग त्याच्यामागे धावलं आणि दुसऱ्या घोटासाठी मी डबा उचलला. तेवढ्यात चौलची म्हातारी तिच्या खाटेवरून म्हणाली, "बाय, ताटली."

मी डबा खाली ठेवला. का, ते विचारू नका. ताटली घेतली, मोरीवर गेले आणि तिथूनच सिस्टरला हाक मारली.

सिस्टर चिडली. बरोबरच होतं. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी आत्याला खुर्ची दिली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुम्ही घाबरलात ते बरोबर आहे. खूप वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर झटके येतात, जीवही जातो. म्हणून घरी कोंडून सोडवायची नाही, इथे आणायचं. इथे आम्ही हे देतो." त्यांनी माझ्या गोळीचं पाकीट आत्याच्या हातात ठेवलं. "आठ-दहा दिवस, हळूहळू कमी करत. मग शरीर मागायचं थांबतं."

आत्याने पाकीट उलटंपालटं केलं. तिला वाचता येत नाही. 

"ही गोळी माझ्या चंदरला का न्हाय दिली कोनी?"

 बाईंनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी भिंतीकडे तोंड केलं.

आत्या गेल्यावर मी बाईंना विचारलं, "त्याला एक घोट दिला असता, तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "कदाचित त्या वेळचा झटका टळला असता. दवाखान्यात यायला वेळ मिळाला असता. का विचारता?"

"उगाच," मी म्हणाले.

आता जे वाचतायत, किंवा ज्यांना हे वाचून दाखवलं जातंय, त्यांच्यासाठी एवढंच. घरात कुणाचे हात सकाळी थरथरत असतील, तर मडकी फोडून त्याला कोंडू नका. नाटक करतोय असं म्हणू नका. मडकी नंतर फोडा. आधी त्याला दवाखान्यात न्या. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, ढोलकीवाल्यांनीही नाही.

घरी

सोळा दिवसांनी घरी आले. पोट उतरलं होतं, डोळे पांढरे झाले होते, अंगात मात्र मुंग्यांचं वारूळ. वाडीतले म्हणायचे, "डॉक्टरीण आली." कुणी मुद्दाम माझ्यापुढे पेला धरायचं. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय," असं माझ्या तोंडावर पैज लावल्यासारखं बोलायचे.

काळुराम माझ्यापुढे पीत नसे. बाहेर पिऊन यायचा आणि घरात न येता चिंचेखाली बसायचा, वास जाईपर्यंत. मला वाटायचं, एवढी दया आहे तर सोडत का नाहीस? एकदा तसं बोलले. भांडण झालं, तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी तो बाजारातून जुना थर्मास घेऊन आला, झाकण चेपलेला. "चिखलात जातीस तवा आल्याचा च्या ने," म्हणाला. मी तो रोज नेते. चहाने गारठा जात नाही. पण वर आल्यावर हाताला धरायला काहीतरी लागतं.

दारूची आठवण रोज येते. खाडीवरून, बाजारातून, कुणाच्या तोंडून. ती आली की मी झाडू घेते. त्याहून मोठी गोष्ट मात्र झाडूने जात नव्हती. चिंचेवरून जाताना मी मान खाली घालायचे. आत्या माझ्या लिव्हरच्या गोळ्या मोजून द्यायची, आजही देते. तिच्या हातून गोळी घेताना मी तिच्या तोंडाकडे बघत नसे.

वर्षाचं काज

चंदरला वर्ष झालं. त्याचं काज, म्हणजे वर्षाचा दिवस, करायचं ठरलं. महिनाभर आधीपासून मला झोप नाही, अन्न नाही. पहिला द्रोण माझा. बाराव्याला घेतला, आता वर्षालाही मीच घ्यायचा. डॉक्टरबाईंना विचारायला गेले. "नुसता ओठाला लावला तर?"

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "ओठाला लावून तुम्ही थांबाल?"

मला डबा आठवला. 

काळुराम म्हणाला, "मी घेतो तुझ्या बदल्यात." भगत म्हणाला, "असं चालत न्हाय. ज्याच्या हातचं पानी, त्याच्याच हातचा द्रोण. न्हायतर चंदर मागं फिरंल."  आत्या तांदूळ निवडत राहिली.

काजाच्या दिवशी सकाळपासून वाडी जमली. कोंबड्याचं कालवण शिजलं, भाताची मोठी पातेली उतरली. पोरं भुकेने कुरकुरत होती. चंदरच्या नावाने मांडलेल्या जागेपुढे सगळे बसले. भगताने द्रोण भरला आणि माझ्या हातात दिला.

गावठी दारूचा तो वास. दहा महिन्यांनी इतक्या जवळ. मला कुणी चांगली बाई समजू नये. त्या क्षणी मला चंदर आठवत नव्हता, आत्या आठवत नव्हती. मला ती हवी होती. आणि या वेळी तर सबब देवानेच हातात दिलेली. पिऊन टाकली असती तर वाडीत एकाने नाव ठेवलं नसतं.

"घे गो," भगत म्हणाला. "मानसं उपाशी हायत."

मी द्रोण तोंडापाशी नेला. आणि तोंड उघडलं तेव्हा आवाजच बाहेर आला.

"चंदरनं माझ्याकडं पानी न्हाय मागितलं."

भगताने मान वर केली.

"त्यानं घोट मागितला. एक. माझ्याकडं व्हती, लाकडांत लपवलेली. सकाळी मीच प्यायले व्हते. त्याला म्हनाले, न्हाय माझ्याकडं. अध्यक्ष व्हते ना मी. म्हून पानी दिलं." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "माझ्या हातचं शेवटचं पानी म्हनता तुम्ही. त्याला पानी नको व्हतं."

काळुराम उठून उभा राहिला. माझ्याकडे आला असता तर मी हललेही नसते. तो आला नाही. चिंचेकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बायांमधून कुणीतरी शिवी हासडली. मी द्रोण धरून तशीच बसले. पळसाचं पान गळत होतं, मनगटावरून थेंब कोपरापर्यंत जात होते.

आत्या उठली. तिला गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो. माझ्यापुढे येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दहा महिने गोळ्या मोजून दिल्या त्या बाईने. मला वाटलं, थोबाडीत देईल. द्यावी असंही वाटलं.

तिने माझ्या हातातून द्रोण काढून घेतला. भगताकडे बघितलं नाही. मातीवर धार सोडायची असते तेवढी सोडली आणि थांबली नाही. सगळा द्रोण उपडा केला, शेवटच्या थेंबापर्यंत.

"घे लेका," ती म्हणाली. "तुझी राह्यली व्हती."

माती ओली झाली. भगत काहीतरी बोलणार होता, तिने हाताने गप्प केलं. "ज्याची व्हती त्याला मिळाली. आता कुनी प्यायची गरज न्हाय. पोरांना वाढा."

कुणी तरी पातेल्याचं झाकण काढलं. ताटल्या वाजायला लागल्या. मी उठायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. रिकामा द्रोण माझ्या हातात ठेवला.

"पानी आन," आत्या म्हणाली. "तुझ्या हातचं."

मी हंड्यापाशी गेले. द्रोण धुतला आणि भरला. तो गळत होता. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. उरलेलं ती प्यायली.